पहिल्याच रिंगला

माझ्या दोन्ही कानांची भोकं सारख्या मापाची नाहीत, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. डाव्या कानात मधल्या मापाचं रबर चपखल बसतं. तेच रबर उजव्यात घातलं तर दौंड सोडून पाटस येईपर्यंत कान ठणकायला लागतो, तिथं धाकटंच माप लागतं. इअरफोनच्या खोक्यात एका बारक्या पिशवीत रबरांच्या जादा जोड्या येतात. बहुतेक लोक ती पिशवी खोक्यासकट फेकून देतात आणि मग 'कानात राहतच नाही' म्हणून कुरकुरत बसतात. मी असल्या पिशव्या जपून ठेवते. आमचे हे म्हणतात, लोकांच्या बायका दागिने जपतात. जपू देत. दागिन्यांनी कान दुखायचे थांबत नाहीत.

मी दौंडला राहते आणि हडपसरच्या एका कचेरीत नोकरी करते. जायला डेमू लोकल, यायलाही तीच. इतकी वर्षं कानात काहीतरी खुपसून प्रवास केल्यावर माणसाला त्या विषयात मत येतंच, आणि आमच्या डब्यात माझं मत चालतं. कासुर्डीची एक मैत्रीण सकाळी यवतला चढते आणि संध्याकाळी तिथंच उतरते. तिनं माझं नाव 'कानाची डॉक्टरीण' ठेवलंय. कुणी नवा इअरफोन घ्यायचं म्हटलं की ती त्याला हाताला धरून माझ्यासमोर आणून बसवते. मीही मग आढेवेढे न घेता सुरू होते. आवाज कसा ते दुकानात कळत नाही, गाडी हलल्यावर कळतं. कानाला सुख आहे की नाही हे पहिल्या दिवशी कळत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी कळतं. आणि टिकतो किती, हे वायर किंवा बॅटरीपेक्षा आपल्या पर्सवर अवलंबून असतं.

पण खरं सांगायचं तर मला गाण्यांचं एवढं वेड नाही. हे सगळं मी केलं ते आईशी बोलता यावं म्हणून.

आई मांडवगण फराट्याला भावाकडे असते. दौंडहून गाव तसं लांब नाही, पण नोकरी करणाऱ्या बाईला रविवार सोडून सगळंच लांब. म्हणून रोज संध्याकाळी यवतला मैत्रीण उतरली की मी आईला फोन लावते आणि दौंड येईपर्यंत बोलत राहते. आई पहिल्याच रिंगला फोन उचलते. याचा मला केवढा अभिमान! मैत्रिणीची आई म्हणे पाच-पाच वेळा फोन लावला तरी उचलत नाही, देवळात जाऊन बसते. मी म्हणायचे, माझी आई बघ, एका रिंगला हजर.

आणि मी तिला सगळं सांगायचे. कचेरीत कुणी काय म्हणालं, यांचं गुडघ्याचं दुखणं, शेजारणीशी झालेली तणातणी. मध्ये एकदा आमचं ऑफिस हलणार आणि निम्म्या माणसांना घरी बसवणार अशी बोलवा उठली होती. त्या दिवसांत मी फार भ्याले होते. यांच्याजवळ भीती दाखवायची नाही असं ठरवलेलं, म्हणून रोज गाडीत खिडकीकडे तोंड करून आईपाशी बोलायचे. सगळं ऐकून घेऊन ती शांतपणे म्हणायची, "व्हईल समदं बरं. जेवलीस का?" त्या चार-पाच शब्दांवर मी दुसऱ्या दिवशीची गाडी पकडायचे. पुढं ती बोलवा विरून गेली, नोकरी राहिली. पण मला वाटायचं, मला तारलं ते आईनं.

आईची तक्रार सुरू झाली ती पहिल्या इअरफोनपासून. तो दौंड स्टेशनाबाहेरच्या गाड्यावरचा, वायरवाला. त्याचा माईक वायरीत हनुवटीच्या खाली लोंबायचा आणि ओढणीला घासायचा. आई म्हणाली, "आवाज नीट येत न्हाई गं. लांबनं आल्यावाणी येतोय." मी म्हटलं, ओढणीचा दोष. ओढणी पिनेनं मागं अडकवली. तरी तेच. मग एक दिवस त्याचा डावा कान मेला. वायर जॅकपाशी वाकडी धरली तर जिवंत व्हायचा, सोडली की पुन्हा गप्प. वायर वाकडी धरून संसार चालू ठेवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मी तो टाकून दिला.

दुसरा गळ्यात घालायचा पट्टा होता. टिकाऊपणात त्याचा हात धरणारा अजून भेटलेला नाही. पिठात पडला, पावसात भिजला, एकदा कपड्यांबरोबर मशीनमध्ये फिरून आला आणि वाळल्यावर बोलायला लागला. पण आवाज असा, की सगळा ढोलच ढोल. गाण्यातली ढोलकी छातीत वाजायची आणि गाणारीण कुठंतरी मागं राहायची. त्यातून उन्हाळ्यात मानेला घाम. तरी नवा घेतला त्या दिवशी मी आईला फोन लावून जोरात विचारलं, "आई, आता येतोय का आवाज?" आई म्हणाली, "व्हय व्हय, आता लई झ्याक येतोय." मी खूश. आठवडा गेला नाही तोच पुन्हा सुरू, लांबनं आल्यावाणी.

मग बिनवायरीचे दोन दाणे आले, चण्याच्या डाळीएवढे म्हणावेत असे. कानाला एवढं सुख, की घातलेत हे विसरून मी त्यांच्यासकट अंघोळीला गेले होते. पण त्यातला एक खुटबावला मी दारात उभी असताना फलाटावर पडून गाडीखाली गेला. मी वाकून बघत राहिले, गार्डनं शिट्टी दिली. राहिलेला एकटा दाणा घरी देवघरात ठेवला होता, कशासाठी ते विचारू नये. तेव्हाही पहिल्या दिवशी मी जोरात विचारलं होतं, "आता येतोय का?" आणि आई म्हणाली होती, "आता येतोय."

शेवटचा बाहेरचा गोंगाट गिळणारा. घातला की इंजिनाची घरघर बंद, रुळांचा खडखडाट बंद, भेळवाल्याचं नुसतं तोंड हलताना दिसायचं. पहिल्याच सकाळी मला हडपसर आलेलं कळलं नाही आणि मी थेट पुण्यात जाऊन उतरले. पण आवाज! आईच्या मागं कोंबडी कुरकुरली तरी ऐकू यायची. वहिनी विहिरीवरून हाका मारतेय, भाऊ मोटार चालू झाली का म्हणून ओरडतोय, सगळं घर माझ्या कानात. मी अगदी हलक्या आवाजात बोलायचे, शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा कळू नये इतक्या. मैत्रिणीनं दुसऱ्या डब्यातून फोन लावून तपासलं. म्हणाली, "कानात येऊन बोलतेस असं वाटतंय." मग आईलाच का येत नाही? मी निकाल देऊन टाकला, मांडवगणच्या टॉवरचा दोष. मी कानाची डॉक्टरीण. माझ्या निकालावर अपील नाही.

इथं आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आमची माणसं मूळ मेंढरांमागची. आई लग्नानंतर कित्येक वर्षं कळपाबरोबर मुलूख हिंडली. मग वडिलांनी जमीन धरली, ऊस लावला, मेंढरं गेली. हाळी द्यायची सवय मात्र राहिली. या माळावरून त्या माळावरच्या माणसाशी बोलायचा जो आवाज, तोच आमच्याकडे चहा घेणार का विचारायलाही वापरतात. हळू बोलणाऱ्याला "अंगात ताप हाय का?" म्हणून विचारतात. फोनवर तर सगळेच असे बोलतात, जणू फोन नुसता हातात धरलाय, खरं काम तोंडच करतंय. मीही लहानपणी तशीच होते. हळू बोलायला मला कचेरीनं शिकवलं आणि चांगल्या माईकनं त्याची चटक लावली.

एका शनिवारी मला सुट्टी मिळाली. कुणाला न कळवता गावी जायचं ठरवलं. वडापच्या जीपनं फाट्यावर उतरले आणि उसाच्या कडेनं चालत घराकडे निघाले. ऊन कलतं होतं. माझ्या फोनची वेळ झाली होती, म्हणजे रोजची यवत सुटायची वेळ. मला गंमत सुचली. इथूनच फोन लावायचा, बोलत-बोलत जायचं आणि अंगणात जाऊन उभं राहायचं. घराच्या मागच्या बाजूनं, गोठ्याच्या आडोशाला येऊन मी उभी राहिले. तिथून ओटा दिसतो.

आई ओट्यावर बसली होती. तिचा बटणांचा फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. काही करत नव्हती. शेंगा फोडत नव्हती, वाती वळत नव्हती. दूध उतू जाईल म्हणून चुलीसमोर बसावं तशी बसली होती. मी फोन लावला. तिच्या हातात उजेड पडला आणि तिनं लगेच बटण दाबून फोन कानाला लावला. पहिल्याच रिंगला.

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. ती म्हणाली, "व्हय. बरं हाय. जेवलीस का?" दुपारचं जेवण होऊन गेलेलं, रात्रीचं व्हायचंय, अशा वेळी मी जेवणार कुठून? हा प्रश्न मी इतकी वर्षं रोज ऐकला आणि कधी माझ्या डोक्यात आलं नाही. मी फोन ठेवला. ती थोडा वेळ तो कानाशी धरून बसली, मग खाली बघितलं आणि फोन शेजारी घोंगडीवर ठेवून पदर सारखा करायला लागली.

मी पुन्हा लावला. फोन तिच्या मांडीपासून वीतभर लांब वाजत होता. एवढ्या मोठ्यानं, की मला गोठ्यापाशी ऐकू येत होता, म्हैससुद्धा मान वळवून बघत होती. आईनं वळून पाहिलं नाही. ती उसाकडे बघत होती.

मी तिथंच वैरणीवर बसले आणि रडले. ओढणीचा दोष, ढोलाचा दोष, टॉवरचा दोष. आई सोडून सगळ्या जगाचे कान मी तपासले होते.

वहिनीला विचारलं तर ती चकितच झाली. "आत्याबाई? न्हाई ओ. हाक मारली की येत्यात की." येणारच. वहिनीची हाक नदीपलीकडे जाते. घरात सगळेच माळावरून बोलल्यासारखं बोलतात, त्यात आईचा कान गेलेला कुणाला कळणार? तिच्याशी हळू बोलणारी जगात एकटी मी होते. आणि नव्या इअरफोनच्या पहिल्या दिवशी तेवढी मी जोरात बोलायचे, खात्री करायला. म्हणून तर प्रत्येक नवा इअरफोन पहिल्या दिवशी चांगला निघायचा.

संध्याकाळी मी आईच्या समोर बसले. तोंडासमोर तोंड आणून, आमच्या घरच्या आवाजात विचारलं, "तुला ऐकू येत नव्हतं तर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. आवाज येत न्हाई म्हणलं."

"माझा येत नाही म्हणालीस! मी चार-चार इअरफोन बदलले!"

"मला काय ठावं कुणाचं बिघाडलंय? तू शिकल्याली. तू म्हणलीस डबडं खराब हाय, म्हंजी आसंल." मग नजर चुकवत म्हणाली, "पर मागनं कळलं. तवा म्हणलं, ऱ्हाऊ दे."

"आणि मी इतकं सगळं सांगत होते ते?"

"शब्द न्हाई कळायचं. चाल कळायची." तिनं हात वर-खाली करून दाखवला. "मेंढरं काय बोलत्यात ते कळतं व्हय? पर लांबनं आवाज ऐकला की कळप सुखात हाय का बिथारलाय ते कळतंच की. तुझं तसंच. मधी एकदा लई दिस बिथारली हुतीस."

ऑफिस हलायचं होतं ते दिवस तिला आठवत होते, तिनं त्यातला एकही शब्द ऐकलेला नसताना.

कानाच्या डॉक्टरकडे यायला मात्र ती तयार होईना. कानात मशीन घातली की गावात बहिरी नाव पडतं, आणि एकदा पडलेलं नाव मेल्यावरच जातं, असं तिचं म्हणणं. मी गोड बोलले, चिडले, शेवटी पुढच्या शनिवारी रजा काढून, डोळे तपासायचेत असं सांगून शिरूरला नेलं. स्टँडवर उतरलो तर ती उभी राहून बघायलाच लागली. कॉलेजच्या पोरी, कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं, ऊस घेऊन आलेला ट्रॅक्टरवाला, ज्याच्या-त्याच्या कानात काहीतरी.

"आगं," ती तिच्या मते हळू म्हणाली, म्हणजे अर्ध्या स्टँडनं ऐकलं, "ही समदी बहिरी हायत व्हय?"

एका पोरीनं कानातून दाणा काढून आमच्याकडे बघितलं. मी आईला म्हटलं, "होय. सगळीच." त्यानंतर डोळ्यांचा विषय निघाला नाही. ती गुमान कानाच्या डॉक्टरकडे चालायला लागली.

कान तपासून झाल्यावर मशीन बसवणाऱ्या बाईंनी दोन प्रकार पुढं ठेवले. एक कानाच्या आत बसणारं, एवढंसं, बाहेरून दिसणार नाही असं. दुसरं कानामागं अडकवायचं, त्याची बारीक नळी कानात जाते. मला आतलं आवडलं. कुणाला दिसणार नाही, मग बहिरी कोण म्हणेल? आईनं ते तळहातावर घेतलं, आणि खुरप्यानं घट्टे पडलेल्या तिच्या बोटांना ते सापडेना. "ह्ये बाजरीत पडलं तर निवडत बसू व्हय?" म्हणाली. मला खुटबावचा फलाट आठवला. मागं अडकवायचं तिनं दोन-तीनदा चाचपून बघितलं. बुगडीच्या भोकाशी अडतं का ते पाहिलं, डोकं हलवून पडतं का ते पाहिलं. "ह्ये हाताला तर लागतंय. दिसलं तर दिसू दे." डब्यातल्या कुणाला मी याहून वेगळा सल्ला दिला नसता.

पण घातल्यावर तोंड वाकडं केलं. टोचतंय म्हणाली. बाईंनी नळीच्या टोकाला मधल्या मापाचं रबर लावलं होतं. मी म्हटलं, धाकटं लावून बघा, आणि कान वर आणि मागं ओढून बसवा. बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि धाकटं लावलं. आईचा चेहरा सैल झाला. उजवा कान. तो मी तिच्याकडूनच घेतलाय, हे तेव्हा समजलं.

बाईंनी मशीन चालू केली. आई दचकली. मग हळूच डोक्यावरच्या पदराला हात लावला, तो थोडा सरकवला, पुन्हा सरकवला.

"पदर केवढा वाजतोय!" ती म्हणाली.

माझी पहिल्या इअरफोनची ओढणी. मी पर्समधून पिन काढली आणि पदर कानामागं नेऊन टोचला. लग्न झाल्यापासून आईचे कान घराबाहेर कुणी उघडे पाहिले नसतील. मोठ्या दिरासमोर तर नाहीच. ती आरशात बघून जरा लाजली. मला वाटलं, गावात शिरताना पिन काढेल. एसटीतून उतरलो तेव्हा पारावर तेच मोठे दीर, आमचे मोठे काका, बसले होते. आईनं मान खाली घातली, पण पिनेला हात लावला नाही. काकांनी "आल्या का?" विचारलं, आणि ती नेहमीपेक्षा निम्म्या आवाजात "व्हय" म्हणाली. काका म्हणाले, "आँ?"

सोमवारी संध्याकाळी यवतला मैत्रीण उतरली. उतरताना म्हणाली, "लाव गं आता, डॉक्टरीणबाई." मी फोन लावला.

एक रिंग झाली. उचलला नाही. दुसरी झाली. तिसरी. मशीन काढून ठेवली असणार. टोचली असणार, नाहीतर कुणीतरी काहीतरी बोललं असणार. रिंग वाजतच राहिली आणि अगदी बंद पडायच्या बेताला आईनं उचलला.

"आई!" मी जीव खाऊन ओरडले. "येतोय का आवाज? कुठं होतीस? इतका वेळ का लावलास?" अख्खा डबा माझ्याकडे वळून बघायला लागला.

"हितंच हाय की," आई म्हणाली. "वाजतोय कसा त्ये ऐकत बसले हुते. चांगलं गाणं हाय की गं त्यात."

मी हसले, आणि हसता-हसता डोळे पुसले. समोरच्या बाईनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आन् वरडू नगंस," आई म्हणाली. "हळू बोल. त्ये कामाचं काय झालं हुतं? लई दिस बिथारली हुतीस त्ये. पयल्यापासनं सांग."